मुंगीचा प्रबंध आणि मामाचा पेनड्राइव्ह

कॉलेजच्या फाटकासमोर मामाचं दुकान होतं. झेरॉक्स, प्रिंटिंग आणि बाइंडिंग. पाटीवर दुकानाचं नाव काहीतरी वेगळंच होतं, पण ती पाटी गेल्या वीस वर्षांत कुणी वाचली नव्हती. पहिल्या वर्षाच्या पोरांपासून दाढी पिकलेल्या प्राध्यापकांपर्यंत सगळे त्याला मामाच म्हणत. एवढा मोठा गोतावळा असलेल्या माणसाला सख्खी भाची मात्र एकच होती, आणि ती गेली दोन वर्षं त्याच्या घरी राहून शिकत होती.

तिला तो मुंगी म्हणायचा. पोरीनं दोन वर्षं मुंग्या मोजल्या होत्या, म्हणून. शहरातल्या फुटपाथांवर, भिंतींच्या कडेनं, बसथांब्यांच्या बाकांखाली, अशा चौसष्ट ठिकाणी ती गुडघे टेकून वहीत आकडे लिहीत बसायची. येणारी-जाणारी माणसं थांबून विचारायची, "काय हरवलंय?" सुरुवातीला मामालाही वाटलं होतं, की बहिणीनं पोरीला विश्वासानं आपल्याकडे पाठवलं आणि पोरगी हातची गेली. मग एका रविवारी तो तिच्याबरोबर गेला, दोन तास उकिडवा बसला, हजारभर मुंग्या मोजल्या, आणि पाठ धरून घरी आल्यावर त्यानं जाहीर केलं, की हे काम बाइंडिंगपेक्षा अवघड आहे. त्या दिवसापासून तिच्या प्रबंधाबद्दल तो दुकानात आल्यागेल्याला सांगू लागला. ज्यांना दोन पानांची झेरॉक्स हवी असायची, त्यांनाही मुंग्यांची माहिती ऐकून घ्यावी लागायची.

मामी जाऊन आठ वर्षं झाली होती. त्या आठांपैकी सहा वर्षं मामानं घरात रेडिओशी बोलत काढली. मुंगी आली आणि घराला पुन्हा आवाज फुटला. सकाळी गीझरवरून भांडण, संध्याकाळी भाजीवरून भांडण, आणि दोन्ही भांडणांत मामा हरायचा आणि खूश असायचा. आता येत्या सोमवारी तिचा प्रबंध कॉलेजात जमा व्हायचा होता. त्यापुढे पीएचडी. त्यासाठी दोन जागा होत्या. एक इथलंच विद्यापीठ, आणि दुसरं लांबच्या शहरातलं, जिथं हॉस्टेल होतं, दोन मैत्रिणी होत्या आणि मामा नव्हता. तिनं अजून ठरवलं नव्हतं. मामानं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर पोरगी भिडेखातर "राहते" म्हणाली असती, आणि भिडेखातर राहिलेलं माणूस मामाला घरात नको होतं. तिनं राहावं, आणि आपणहून राहावं, एवढीच त्याची इच्छा होती. हे तो कुणाला बोलला नव्हता, झेरॉक्स मशीन चालवणाऱ्या काकूंना सोडून. पण काकूंना सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. त्यांना सगळं आधीच ठाऊक असायचं.

लॅपटॉपला मुंगी डोळ्यांत तेल घालून जपायची. जागेवरून उठली की स्क्रीन बंद. अनोळखी मेल आला की उघडायच्या आधी पाठवणाऱ्याला फोन. पासवर्ड इतका लांब, की तो टाइप होईपर्यंत मामाचा चहा पिऊन व्हायचा. आणि सगळ्यात कडक नियम मामासाठी होता: दुकानातला पेनड्राइव्ह तिच्या लॅपटॉपच्या आसपाससुद्धा आणायचा नाही.

"अगं, आपल्याच दुकानातला आहे," मामा म्हणायचा.

"मामा, दिवसाला पन्नास कॉम्प्युटरांत जाऊन येतो तो. तुझा पेनड्राइव्ह म्हणजे सार्वजनिक टूथब्रश आहे."

हा शब्द काकूंना इतका आवडला, की त्या पुढे कायम त्याच नावानं पेनड्राइव्ह मागू लागल्या. "मामा, टूथब्रश द्या इकडे."

दुकानातल्या कॉम्प्युटरवरही मुंगीनंच पहिल्या वर्षी अँटीव्हायरस बसवून दिला होता. प्रत्येक पेनड्राइव्ह लावला की तो आधी तपासला जायचा, मगच उघडायचा. संशयास्पद काही सापडलं की लाल पट्टी यायची. एरवी हे ठीक होतं. पण प्रबंध जमा करायचे दिवस जवळ आले, की दुकानाची रांग रस्त्यापर्यंत जायची आणि दर पोरामागे ही तपासणी दीड-दोन मिनिटं खायची. पोरं घड्याळ दाखवायची, काकू कपाळाला हात लावायच्या. शेवटी गेल्या शनिवारी मामानं ती तपासणी बंद करून टाकली. आठवडाभरापुरती. "गर्दी ओसरली की परत चालू करू," तो म्हणाला. काकूंनी त्याच्याकडे बघितलं, पण रांगेकडेही बघितलं, आणि पुढच्या पोराचा पेनड्राइव्ह लावला.

आता मामाच्या कामाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. प्रबंधाचं बाइंडिंग दोन प्रकारचं असतं. एक यंत्राचं, गरम गोंदाचं, दहा मिनिटांत हातात पडणारं. दुसरं हातशिलाईचं. त्यात पानं दुमडून त्यांचे छोटे गठ्ठे करायचे, सुई-दोऱ्यानं एकमेकांना शिवायचे, खळ लावायची, पुठ्ठ्यावर कापड चढवायचं आणि मग सगळं शिकंजात, म्हणजे दांडा फिरवून आवळायच्या दाबयंत्रात, दाबून तीन दिवस विसरून जायचं. असं पुस्तक कुठल्याही पानावर सपाट उघडतं आणि शंभर वर्षं टिकतं. आताशा ते कुणी मागत नव्हतं. मामानं शेवटचं तसं पुस्तक कधी शिवलं, ते त्यालाही आठवत नव्हतं.

मुंगीचा प्रबंध तसाच शिवायचा, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. पण ती रोज म्हणायची, "अजून फायनल नाही, मामा. रविवारी ईमेल करते." रविवारी हातात आलं तर शिवायला वेळ कुठला? गोंदाचं बाइंडिंग करून द्यावं लागलं असतं, दुसऱ्या कुणालाही देतो तसं. सख्ख्या भाचीला! त्याच्या जिवाला हे लागून राहिलं होतं. शिवाय मनाच्या कोपऱ्यात एक स्वार्थही होता. असं पुस्तक हातात पडल्यावर पोरगी हॉस्टेलात जायचा विचार दोनदा करील, असं त्याला वाटत होतं.

मग जमा करायच्या आधीच्या सोमवारी सकाळी संधी चालून आली. मुंगी जेवणाच्या टेबलावर काम करत होती. तिच्या आईचा फोन आला, घरात आवाज नीट येईना, म्हणून ती बोलत बोलत गच्चीवर गेली आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच स्क्रीन उघडी राहिली. मामाच्या शर्टाच्या खिशात दुकानातला पेनड्राइव्ह होता. तो कायम तिथंच असायचा, चष्म्याशेजारी. त्यानं जिन्याकडे कान दिला, पेनड्राइव्ह लावला, 'प्रबंध' नावाची फाइल त्यात घेतली आणि काढला. अर्ध्या मिनिटाचं काम. बशी पुसत तो ओट्यापाशी उभा राहिला तेव्हा त्याचं काळीज धडधडत होतं, पण आनंदानं.

सोमवारी दुपारी त्यानं सगळं छापून काढलं. मंगळवारी काकूंना गल्ल्यावर बसवून तो मागच्या खोलीत शिवत राहिला. बुधवारी निळं कापड चढवलं आणि पुस्तक शिकंजात ठेवलं. "फायनल नाही म्हणाली होती ना ती?" काकूंनी विचारलं. "दोन-चार दुरुस्त्या असतील," मामा म्हणाला. "जमा करायच्या प्रती करू नंतर यंत्रावर. ही तिची. घरातली." काकू म्हणाल्या, "तुम्हांला काही कळत नाही, मामा," पण हसून म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी सात वाजता घरात किंकाळी ऐकू आली.

मामा दाढी अर्धी टाकून धावत आला. मुंगी लॅपटॉपसमोर उभी होती, दोन्ही हात तोंडावर. पडदा काळा होता आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, की तुमच्या सर्व फाइली कुलूपबंद केल्या आहेत, परत हव्या असतील तर पैसे पाठवा. तिनं एकेक फोल्डर उघडून दाखवलं. प्रत्येक फाइलीचं नाव बदललं होतं, आणि एकही उघडत नव्हती.

"पण तुझी ती दुसरी डबी असते ना? प्रत ठेवायची?"

"जोडलेलीच होती, मामा. रात्री प्रत घ्यायला लावली आणि तशीच राहिली. तीही गेली."

इंटरनेटवर एक प्रत होती, पण ती महिन्यापूर्वीची. तिथली जागा भरली होती आणि नवी घ्यायची तिनं प्रबंधानंतरवर टाकली होती. गेल्या महिन्यात लिहिलेली दोन प्रकरणं, चौसष्ट ठिकाणांचे तक्ते आणि गाईडनं सुचवलेल्या सगळ्या दुरुस्त्या, हे कुठेच नव्हतं. कच्च्या वह्या होत्या. वह्यांवरून तक्ते करायला तिला तीन आठवडे लागले होते. हातात चार दिवस होते.

"झालं कसं हे?" मामानं विचारलं. विचारताना त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. अंगात शर्ट नव्हता, बनियन होती.

"माझीच चूक. काल मैत्रिणीनं एक फाइल पाठवली, ती तिला न विचारता उघडली मी. घाईत होते. एकदाच, मामा, दोन वर्षांत एकदाच!" आणि ती खुर्चीत बसून रडू लागली.

मामानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. आता सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पण मनानं लगेच दुसरी बाजू घेतली: कशावरून आपलाच पेनड्राइव्ह? ती म्हणतेय ना, मैत्रिणीची फाइल म्हणून? सोमवारी लावला, तीन दिवस काही झालं नाही, मग आज कसं होईल? माणसाला स्वतःची सुटका करायची असली की वकील लागत नाही. "दुकान उघडून येतो," असं म्हणून शर्ट चढवून तो अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर पडला. जिना उतरताना त्याला मुंगी फोनवर बोलताना ऐकू आली. "तू असलं काहीतरी पाठवतेसच कशी? स्वतःचा कॉम्प्युटर तपासत नाहीस?" पलीकडची मैत्रीण बिचारी काय बोलत होती कोण जाणे.

दुकानात दहा वाजेपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मामाला जरा हायसं वाटायला लागलं होतं. दहा वाजता काकूंनी हाक मारली, "मामा, हा कॉम्प्युटर काय म्हणतोय बघा जरा."

तोच काळा पडदा होता, तीच पांढरी अक्षरं.

मामा स्टुलावर बसला. काकूंना त्यानं सगळं सांगितलं. सकाळचं, सोमवारचं, शनिवारी बंद केलेल्या तपासणीचं. काकूंनी मशीन बंद केलं.

"म्हणजे तिचं सगळं काम आता फक्त एकाच ठिकाणी आहे," त्या म्हणाल्या आणि मागच्या खोलीकडे बघितलं. शिकंजाकडे.

हे मामाच्याही लक्षात आलं होतं. सोमवारपर्यंतचं सगळं त्या निळ्या पुस्तकात होतं. दोन्ही प्रकरणं, सगळे तक्ते. ते पुस्तक तिच्या हातात दिलं की तिचा प्रबंध बचावणार होता. आणि दिलं की ती पहिला प्रश्न विचारणार होती: हे छापलंस कशावरून?

खोटं बोलावं, असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. तूच मागे ईमेल केली होतीस, असं म्हणता आलं असतं. पण मुंगीनं प्रत्येक ईमेलची तारीख सांगितली असती. आणि खरं सांगितलं तर? तिनं सांगितलेली एकच गोष्ट मामानं पाळली नव्हती, आणि तीही चोरून. अशा माणसाच्या घरी कशाला राहील कुणी? लांबच्या शहरात हॉस्टेल होतंच. मामा बसून राहिला. अकरा वाजले, बारा वाजले. काकू रांगेतल्या पोरांना "मशीन बंद आहे" म्हणून परत पाठवत होत्या आणि मधूनमधून त्याच्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनीच शिकंजाचा दांडा फिरवला, पुस्तक बाहेर काढलं, कागदात गुंडाळलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. "जरा ओलसर आहे," त्या म्हणाल्या. "सांभाळून न्या."

मामा घरी पोचला तेव्हा एक वाजला होता. टेबलावर वह्यांचा ढीग होता आणि मुंगी एका हातानं आकडे उतरवत दुसऱ्या हातातल्या फोनवर आईशी बोलत होती. "नाही गं, कुणाचीच चूक नाही. माझीच. मीच मूर्ख आहे."

मामाला ते ऐकवेना. त्यानं पुस्तक कागदातून काढलं आणि वह्यांवर ठेवलं.

तिनं फोन खाली ठेवला. निळ्या कापडावर सोनेरी अक्षरांत तिचं नाव होतं. तिनं पुस्तक उघडलं, मधलं पान काढलं, मग शेवटचं प्रकरण, मग तक्ते. तिचा चेहरा असा फुलला, की क्षणभर मामा सगळं विसरला. "मामा, सगळं आहे यात! पाचवं प्रकरण, सहावं, तक्तेसुद्धा..." आणि मग तिची बोटं थांबली. "हे तुझ्याकडे कसं आलं? मी तर पाठवलंच नव्हतं."

"सोमवारी. तू गच्चीवर गेली होतीस."

"कशावर घेतलंस?"

मामानं खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

"आणि दुकानातला अँटीव्हायरस?"

"शनिवारपासून बंद केला होता. गर्दी होती म्हणून."

मुंगीनं पेनाच्या टोकानं पेनड्राइव्ह बाजूला सारला. "सकाळपासून माहीत होतं तुला?"

"सकाळी शंका होती. दहा वाजता दुकानातला कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा खात्री झाली."

"आता एक वाजलाय, मामा."

ती ओरडली असती तर मामाला सोपं गेलं असतं. मामीही रागावली की आवाज खाली आणायची. मुंगीनं फोन उचलला आणि सकाळच्या मैत्रिणीला लावला. "ऐक, तुझ्या फाइलीत काही नव्हतं. मी उगाच बोलले तुला. माफ कर मला. आणि तुझा लॅपटॉप घेऊन कॉलेजसमोरच्या दुकानात येतेस का? कामच आहे तसं." एवढंच. दोन वाक्यांत माफी मागून मोकळी झाली. मामा बघत राहिला. पोरीला हे कसं जमतं, हे त्याला कळेना. त्याच्या उभ्या आयुष्यात हा शब्द त्यानं कुणाला म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं. मामीला काही बोलायचं झालं तर तो बाजारातून तिच्या आवडीचं काहीतरी घेऊन यायचा.

"चल," मुंगी म्हणाली. "शनिवारपासून दुकानातल्या कॉम्प्युटरला कुणाकुणाचे पेनड्राइव्ह लागले, त्यांची यादी हवी. प्रत्येकाला फोन करायचा. सगळ्यांचे प्रबंध आहेत, मामा. सगळ्यांचा सोमवार आहे."

मामाच्या मनाला हा विचार शिवलाही नव्हता. सकाळपासून तो एकाच पोरीचं घेऊन बसला होता.

दुकानात ऑर्डरची वही होती. त्यात नाव, पानं, प्रती आणि फोन नंबर. शनिवार ते गुरुवार, एकूण बावन्न नावं भरली. मुंगीनं दुकानातल्या कॉम्प्युटरची वायर काढली, शटर अर्धं ओढलं, आणि काकूंनी जाड पेनानं कागदावर लिहून चिकटवलं: 'आमच्या कॉम्प्युटरला व्हायरस आहे. इथं लावलेला पेनड्राइव्ह कुठेही लावू नये.' बाइंडिंगच्या धंद्यात प्रबंधाच्या आठवड्यात अशी पाटी लावणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. मामानं पाटी वाचली आणि एक कोपरा सुटला होता तो नीट चिकटवला.

मैत्रीण लॅपटॉप घेऊन आली. मागच्या खोलीतल्या, एकेक पान आत ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये पानं घालायची, त्यातला मजकूर लॅपटॉपवर उतरवायचा आणि मग एकेक ओळ तपासायची, असं मुंगीनं ठरवलं. पण शिवलेलं पुस्तक स्कॅनरमधून जात नाही. पानं सुटी हवीत.

मुंगी पुस्तक हातात धरून मामाकडे बघत उभी राहिली.

"दे इकडे," मामा म्हणाला. त्यानं कटर घेतला, कापड सोलून काढलं आणि मंगळवारी घातलेला एकेक टाका उसवला. शिवायला पूर्ण दिवस लागला होता, उसवायला वीस मिनिटं लागली. दोऱ्याचे तुकडे त्यानं गोळा करून केराच्या डब्यात टाकले. "उगाच चांगलं शिवलं होतं," काकू म्हणाल्या, आणि नाक पुसत मशीनच्या मागे गेल्या.

मग मामा वही घेऊन पुढच्या बाजूला, अर्ध्या शटरखाली बसला. मधे प्लायवूडची भिंत होती. पलीकडून स्कॅनरचा आवाज येत होता.

त्यानं पहिला फोन लावला. "हॅलो, बाइंडिंगवाला मामा बोलतोय. तू रविवारी माझ्याकडे पेनड्राइव्ह लावला होतास, तो आता कशालाही लावू नकोस. माझ्या कॉम्प्युटरला रोग झालाय. चूक माझी आहे, मी तपासणी बंद ठेवली होती." दहाव्या फोनपर्यंत त्याला हे पाठ झालं. एकीनं आरडाओरडा केला. एकानं थंडपणे विचारलं, "मग माझं बाइंडिंग उद्या मिळेल ना?" बरेचजण म्हणाले, "बरं झालं सांगितलंत, मी आत्ता लावणारच होतो." दोघांचे लॅपटॉप बंद पडले होते. त्यातल्या एकाची प्रत भावाकडे होती. दुसऱ्यानं मामाला नको नको ते सुनावून फोन आपटला, आणि पाच मिनिटांनी परत फोन करून रडवेल्या आवाजात विचारलं, की काल छापलेल्या माझ्या प्रती दुकानात आहेत ना? "आहेत रे बाळा," मामा म्हणाला. "मांडीवर घेऊन बसतो. ये आणि घेऊन जा." एक पोरगा म्हणाला, यापुढे तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही. मामानं तेही ऐकून घेतलं.

पाच वाजत आले तेव्हा बावन्नाव्या नावापुढे बरोबरची खूण झाली. काकू पिशवी उचलून घरी निघाल्या. मैत्रीण चहा आणायला गेली. मामानं वही मिटली.

आज त्यानं बावन्न परक्या पोरांना सांगितलं होतं, की चूक माझी आहे. आणि जिचं सगळ्यात जास्त नुकसान झालं होतं, जी त्याच्या मुकाट बसण्यामुळे सकाळभर स्वतःला मूर्ख म्हणत होती, तिला त्यानं पुस्तक दिलं होतं, टाके उसवून दिले होते, पण एक शब्द दिला नव्हता. भिंतीपलीकडे जाऊन, तिच्या डोळ्यांत बघून ते सांगणं त्याच्यानं होणार नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, पण पाय उठेनात. फोन मात्र हातात होता.

त्यानं नंबर लावला. भिंतीपलीकडे रिंग वाजली.

"मामा?" मुंगीचा आवाज त्याला दोन्हीकडून ऐकू आला, फोनमधूनही आणि प्लायवूडमधूनही. "काय झालं? फोन का करतोयस?"

"हॅलो," मामा म्हणाला. "बाइंडिंगवाला बोलतोय. सोमवारी सकाळी तुझ्या लॅपटॉपला मी पेनड्राइव्ह लावला. तुला न विचारता. नको म्हणून सांगितलेलं असताना. चूक माझी आहे." इथपर्यंत पाठ होतं. पुढचं पाठ नव्हतं. "आणि तू सकाळपासून स्वतःला बोल लावत होतीस, ते मी ऐकलं आणि दुकानात जाऊन बसलो. ती चूक जास्त मोठी. मला माफ कर, मुंगे."

स्कॅनरचा आवाज थांबला होता. मामानं फोन कानाला घट्ट धरला.

"नाही," मुंगी म्हणाली.

मामानं डोळे मिटले.

"इतक्यात नाही जमणार मला. खूप राग आलाय, मामा. पेनड्राइव्हचा नाही एवढा. त्या तीन तासांचा." ती थांबली, नाक ओढल्याचा आवाज आला. "वेळ लागेल."

"लागू दे," मामा म्हणाला. "किती लागेल?"

"काय माहीत. पीएचडीला चार वर्षं लागतात. इथल्याच विद्यापीठाचा फॉर्म भरलाय मी, परवाच. म्हटलं प्रबंध दिला की सांगू तुला." आवाज किंचित खाली आला. "चार वर्षांत जाईल राग. आता फोन ठेव आणि आत ये. स्कॅनरनं आकड्यांची पार वाट लावलीय. मला तक्ते वाचून दाखव."

मामानं फोन ठेवला. चष्मा पुसायला त्याला जरा वेळ लागला. मग तो भिंतीपलीकडे गेला, तिच्याशेजारच्या स्टुलावर बसला आणि सुटं पान हातात घेतलं.

"तक्ता पहिला," तो म्हणाला. "बसथांब्याचा बाक, उत्तरेकडची बाजू. दोनशे अकरा."

"सावकाश," मुंगी म्हणाली. "घाई नाहीये."